म्हैसूरचे रविवार

सरकारी नोकरीत रविवार असतो तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेत. टंचाई, निवडणूक, मंत्रिमहोदयांचा दौरा किंवा नुसताच 'वरून' आलेला दूरध्वनी, ह्यांपैकी काहीतरी त्या दिवशी उगवतेच. त्यामुळे आमच्या मुलीला बागेत नेण्याचे काम तिच्या आईने केले आणि मी 'पुढच्या रविवारी नक्की' असे म्हणत राहिलो. ह्याला अपवाद एकच, २००३ सालच्या उन्हाळ्याचा. त्या वर्षी एका प्रशिक्षणासाठी मला सहा आठवडे म्हैसूरला पाठवण्यात आले. शाळेला सुट्टी होती, म्हणून पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी बरोबर आली. प्रशिक्षणार्थ्याला कोणी विचारत नाही, हे सुख सेवेत फार थोड्यांदा मिळते. सलग सहा रविवार माझे मला मिळाले, आणि ते सर्व आम्ही म्हैसूर व आसपासच्या बागांमध्ये घालवले.

आज बावीस-तेवीस वर्षांनी मी पुन्हा म्हैसुरात आहे. मुलगी येथेच नोकरी करते, तिचा मुलगा पाच वर्षांचा आहे आणि निवृत्त आजोबा ही घरातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत रिकामी व्यक्ती असल्यामुळे रविवारच्या सहलीचे खाते माझ्याकडे आले आहे. (२०१४ सालच्या नोव्हेंबरपासून शहराचे अधिकृत नाव 'मैसूरु' झाले. मराठीत आपण पूर्वीपासून 'म्हैसूर' म्हणतो. महिषासुराच्या गावाला ते शोभतेही, म्हणून येथे तेच ठेवले आहे.) त्याच त्या जागा दुसऱ्यांदा पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. ह्यांतील बहुतेक जागा सहलीसाठी निर्माणच झालेल्या नव्हत्या. कोणी राजवाड्याचा खाजगी छंद होता, कोणी धरणाचा पायथा, कोणी पावसाच्या पाण्याचा तलाव. त्या लोकांच्या कशा झाल्या आणि लोकांच्या झाल्यावर टिकल्या कशा, हा मला इतिहासाचा प्रश्न वाटतो. तो छळण्याचे माझे एक खाजगी कारणही आहे, ते ओघात येईलच.

सहलीला दोन गोष्टी लागतात, सुट्टी आणि जागा. पैकी सुट्टी आपल्याला आपोआप मिळाली, असा बहुतेकांचा समज असतो. कचेऱ्यांना रविवार होता, गिरण्यांना नव्हता. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनने अर्ज, सभा आणि पाठपुरावा केल्यानंतर मुंबईच्या गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य केली. मुंबईत राणीची बाग १८६२ पासूनच उभी होती. परंतु ज्याच्या हाती रविवार नाही त्याला बाग असून नसल्यासारखीच. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना शनिवारही मिळाला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून, म्हणजे माझ्या निवृत्तीनंतर. असो.

लोखंड्यांच्या रविवारानंतर दोनच वर्षांनी, १८९२ साली, दहावे चामराज वडियार ह्यांनी म्हैसूरच्या उन्हाळी राजवाड्याच्या दहा एकर आवारात प्राणिसंग्रह उभा केला. त्याचे नाव 'पॅलेस झू', आणि नावाप्रमाणेच तो राजवाड्याचा होता. महाराज १८९४ च्या डिसेंबरात कलकत्त्याला घटसर्पाने वारले. युवराज दहा वर्षांचे. राणीसाहेबांनी राज्य सांभाळले. संग्रह मोडला नाही, उलट पुढील दहा वर्षांत तो पंचेचाळीस एकरांपर्यंत वाढला. १९०९ साली त्याला 'चामराजेंद्र प्राणिशास्त्रीय उद्यान' हे नाव मिळाले. राजवाड्याचे नाव जाऊन राजाचे नाव आले, एवढाच बदल कोणाला दिसेल. मला त्यात खाजगी मालमत्ता संस्था होताना दिसते.

ह्या उद्यानाची आखणी क्रुम्बिगेल ह्या जर्मन उद्यानतज्ज्ञाने केली असे सर्रास लिहिलेले आढळते. त्याचे नाव घेताना सन जुळवून पाहावे. गुस्ताव हेरमान क्रुम्बिगेल १८९२ साली हिंदुस्थानात आलाच नव्हता. लंडनच्या क्यू उद्यानातून तो १८९३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बोलावण्यावरून बडोद्यास आला, तेथे पंधरा वर्षे बागा केल्या आणि १९०८ साली चौथे कृष्णराज वडियार ह्यांच्या सेवेत बंगळूरच्या लालबागेत रुजू झाला. त्याचा हात येथे लागला असेल तो त्यानंतरच. सांगायचे हे की म्हैसूर संस्थानाला हिरवे करणारा हा माणूस मराठी दरबारातून आलेला होता.

तो एकटाच नव्हे. परमुलखात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी येथे थोडे विषयांतर करतो. १८७९ साली बडोद्याची कमाटीबाग, म्हणजे आजची सयाजीबाग, आखली गेली तेव्हा सयाजीराव अज्ञान होते आणि दिवाण होते राजा सर टी. माधवराव, तंजावूरकडचे देशस्थ मराठी. त्यांचे चिरंजीव टी. आनंदराव १९०९ ते १९१२ ह्या काळात म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्या आधीचे दिवाण व्ही. पी. माधवराव हेही कुंभकोणमचे मराठीच. १८९८ च्या प्लेगमध्ये संस्थानाचे प्लेग कमिशनर म्हणून त्यांनी काम केलेले. प्लेगने दाट वस्त्यांचे धोके उघडे केले. मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, म्हैसुरात १९०३ साली नगरसुधारणा मंडळ आले, रुंद रस्ते व मोकळ्या जागा असलेले नवे मोहल्ले आखले गेले. ज्या मोकळ्या जागांत आपण आज मुले सोडतो, त्यांच्यामागे शोभेच्या हौसेइतकीच उंदराची भीती होती. घरात मराठी, दरबारात इंग्रजी आणि रयतेशी कन्नड बोलणारी ही माणसे तीन-तीन संस्थानांत दिवाणगिरी करून गेली. 'स्थानिक की बाहेरचे' हा वाद त्या काळीही म्हैसुरात जोरात होता, हेही नमूद केले पाहिजे.

प्राणिसंग्रहालयाकडे परत येतो. स्वातंत्र्यानंतर राजे गेले तेव्हा त्यांच्या बागा, वाडे आणि जनावरे सरकारच्या पदरात पडली. देशभर अशा वारशांचे काय झाले ते आपण पाहतोच. म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय १९४८ साली राज्याच्या उद्यान खात्याकडे गेले. वाघाला खाद्य लागते, पशुवैद्य लागतो, पिंजऱ्याचे बिजागर तुटले तर ते आजच लागते, उद्या नव्हे. फुलझाडांच्या खात्याला हे झेपणे कठीण. १९७२ साली ते वन खात्याकडे सोपवण्यात आले. आणि १९७९ साली कर्नाटकाने एक वेगळीच गोष्ट केली. प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. देशातील हे असे पहिले प्राधिकरण. म्हणजे दारावर जमा होणारे तिकिटाचे पैसे सरकारी तिजोरीत जाऊन अंदाजपत्रकाची वाट पाहत बसण्याऐवजी तेथेच खर्च होऊ लागले. ज्यांनी खजिन्याचे चलन भरून मग त्याच रकमेच्या अनुदानासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना ह्या एका वाक्याची किंमत सांगावी लागणार नाही.

अशा व्यवस्थेला तिची स्वतःची नडही असते. २०१७ च्या जानेवारीत बर्ड फ्लूमुळे प्राणिसंग्रहालय महिनाभर बंद ठेवावे लागले. २०२० च्या टाळेबंदीत तर दारच बंद झाले, आणि दार बंद म्हणजे उत्पन्न बंद. प्राण्यांची भूक टाळेबंदी पाळत नाही. तेव्हा लोकांकडे देणग्या मागण्यात आल्या. प्राणी दत्तक घेण्याची योजना २००१ पासून चालू होतीच. कोणी पोपटाचा वर्षाचा खर्च देतो, कोणी हत्तीचा. त्या वाईट काळात ह्या ओळखी उपयोगी पडल्या.

आणखी एक बारीक गोष्ट. म्हैसूर प्राणिसंग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते. कर्मचाऱ्याला सुट्टी हवी, प्राण्याला माणसांपासून एक दिवस विश्रांती हवी, पण लोकांचा रविवार बुडू नये. २००३ मध्ये आम्हाला हे ठाऊक नव्हते. एका मंगळवारी प्रशिक्षण लवकर सुटले म्हणून उत्साहाने गेलो आणि बंद दाराशी पोहोचलो. मुलगी रडली. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा तिने पोलो नावाचा गोरिला पाहिला. तो १९९५ मध्ये डब्लिनहून आला होता आणि भारतातील एकुलता एक गोरिला होता. लोक त्याच्याकडे पाहून हसत होते आणि तो पाठ करून बसला होता. "बाबा, ह्याचं कोणीच नाही का?" असे तिने विचारले. मी काहीतरी उत्तर दिले असेल. पोलो २०१४ साली गेला. २०२१ मध्ये जर्मनीहून दोन गोरिला आले, ठाबो आणि डेम्बा. नातवाने ह्या वर्षी ते दोघे पाहिले आणि त्याची आई बराच वेळ तेथून हलली नाही.

आता वृंदावन बाग. महाराष्ट्रातून 'म्हैसूर-उटी' सहल केलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या संग्रही तेथील कारंज्यासमोरचे एक छायाचित्र असते. आमच्याकडे तीन आहेत. परंतु ही बाग समजायची तर आधी धरण समजले पाहिजे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे म्हैसूर संस्थानचे. पण त्यांची उमेदीची चोवीस-पंचवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात, नाशिक, खानदेश, पुणे ह्या भागांत गेली. खडकवासल्यास १९०३ मध्ये त्यांनीच पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. १९०९ साली दिवाण आनंदरावांच्या निमंत्रणावरून ते मुख्य अभियंता म्हणून म्हैसूरला आले आणि कावेरीवर कन्नंबाडीजवळ धरणाची योजना त्यांनी मांडली. शिवसमुद्रमच्या धबधब्यावर १९०२ पासून वीज निघत होती आणि ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना विकली जात होती. उन्हाळ्यात नदी आटली की वीज आटे. धरणाने हा प्रश्न सुटणार होता आणि मंड्याकडची कोरडी शेती भिजणार होती. खर्चाच्या आकड्याला वित्त विभाग बिचकला. वित्त विभाग बिचकला नाही अशी योजना मला तरी माहीत नाही. अखेर १९११ मध्ये मंजुरी मिळाली, आणि काम पुरे होण्यास सुमारे वीस वर्षे लागली. मद्रास सरकारशी पाणीवाटपाचा तंटा चालला, त्याचा करार १९२४ मध्ये झाला. जुने कन्नंबाडी गाव आणि आजूबाजूची खेडी पाण्याखाली गेली. नौकाविहाराच्या वेळी कोणी हे सांगत नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो.

विश्वेश्वरय्यांनी धरण दिले. बाग दिली ती सर मिर्झा इस्माईल ह्यांनी. १९२६ ते १९४१ एवढा प्रदीर्घ काळ ते दिवाण होते. धरणाचे बांधकाम संपत आले की त्याच्या खालच्या अंगाला काय उरते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल: खडीचे ढीग, मोडक्या शेड, मातीचे खड्डे. आपल्याकडे कित्येक धरणांच्या पायथ्याशी ते अजून तसेच आहे. मिर्झासाहेबांनी १९२७ मध्ये काश्मीरच्या शालिमारच्या धर्तीवर तेथे उतरत्या टप्प्यांची बाग करण्यास घेतली. साठ एकरांची ही बाग १९३२ मध्ये पूर्ण झाली आणि आखणीला क्रुम्बिगेलची मदत झाली. वर अथांग पाणी, खाली उतार, हाताशी स्वतःच्या संस्थानची वीज. संध्याकाळी कारंज्यांत दिवे लागले की खेड्यातून आलेल्या माणसाला प्रथमच कळे की आपल्या सरकारने नदी अडवून काय मिळवले. मिर्झासाहेबांची ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. मोठ्या प्रकल्पाचा लाभ पत्रकात लिहून लोकांना पटत नाही.

वृंदावनाचा पुढचा इतिहास मात्र प्राणिसंग्रहालयाइतका सरळ नाही. धरण पाटबंधाऱ्यांकडे, म्हणून बागही त्यांच्याकडे. आज कावेरी नीरावरी निगमाकडे. शेजारच्या नागवन आणि चंद्रवन ह्या रोपांच्या बागा फलोत्पादन खात्याच्या. ज्या खात्याचा जीव पाणी सोडण्यात आणि धरणाच्या सुरक्षिततेत गुंतलेला, त्याला गुलाबाच्या छाटणीची आठवण राहावी ही अपेक्षा मोठी आहे. २००३ साली आम्ही गेलो तेव्हा संगीत कारंज्यापाशी इतकी गर्दी होती की मुलीला खांद्यावर घेऊनही तिला फक्त लोकांची डोकी दिसली. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ह्या बागेच्या विस्ताराचा एक प्रचंड प्रकल्प खाजगी भागीदारीतून करण्यास मान्यता दिली, आकडा अडीच हजार कोटींच्या वरचा. परिसरातील शेतकरी संघटनांनी धरणाच्या सुरक्षिततेचा मुद्दा काढून त्यास विरोध केला. ह्या वादात मी निवृत्त माणसाने पडू नये. तरी एवढे विचारावेसे वाटते की ज्या कुटुंबाला आज बसने येऊन, डबा खाऊन, एका तिकिटात कारंजे पाहून परत जाता येते, त्याला त्या नव्या उद्यानात कोणत्या दरवाज्याने आत घेणार? अंदाजपत्रकात ह्या कुटुंबासाठी स्तंभ नसतो.

कारंजी तलावाबद्दल थोडक्यात. प्राणिसंग्रहालयाला लागून असलेला हा राजांच्या काळचा तलाव. चामुंडी टेकडीवरून उतरणारे पावसाचे पाणी एका चराने त्यात येत असे. चर बुजला, पाणी आले ते सांडपाणी. १९७६ मध्ये तो प्राणिसंग्रहालयाकडे देण्यात आला. पण खरी साफसफाई आशियाई विकास बँकेच्या कर्जातून पुष्कळ उशिरा झाली. आज तेथे नौका आहेत, फुलपाखरांची बाग आहे, आणि ज्यात आपणच आत शिरून फिरायचे असा साठ मीटर लांब, वीस मीटर उंच पक्ष्यांचा पिंजरा आहे. तलावाच्या काठी प्रादेशिक निसर्ग इतिहास संग्रहालय १९९५ साली उघडले. नातवाला ते नौकेपेक्षा अधिक आवडते, ह्याचे मला आश्चर्य आणि समाधान दोन्ही वाटते. बुजलेल्या चराचे मात्र कोणाला काही वाटत नाही. सगळे त्या पिंजऱ्याचे छायाचित्र काढतात.

रंगनथिट्टूही असाच. सतराव्या शतकात कंठीरव नरसराज वडियारांनी कावेरीवर बंधारा घातला, त्यामुळे नदीत बेटे तयार झाली, बेटांवर पक्षी आले. मुंबईच्या सालिम अलींनी ते पाहून महाराजांचे मन वळवले आणि १९४० साली अभयारण्य जाहीर झाले. पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडले की येथील नौका बंद ठेवतात. सहलीला निघण्यापूर्वी धरणाचा विसर्ग वर्तमानपत्रात पाहावा, हा माझा वाचकांना फुकटचा सल्ला.

ह्या सर्वांहून जुनी सहल म्हणजे चामुंडीच्या पायऱ्या. दोड्ड देवराज वडियार (१६५९–१६७३) ह्यांनी त्या बांधवल्या, हजारावर आहेत. वाटेत एकाच दगडातून कोरलेला सुमारे पंधरा फूट उंचीचा नंदी त्यांच्याच काळातला. आपल्याकडे पुण्यात पर्वती किंवा जेजुरीचा गड जे काम करतात तेच येथे ही टेकडी करते. देवदर्शनाला जाणारी आजी, वजन उतरवायला जाणारा तरुण आणि पेरूच्या आशेने जाणारा नातू एकाच वाटेने चढतात. काही स्त्रिया प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावीत चढतात, त्यांना ओलांडून धावणाऱ्यांनी बाजूने जावे, असा अलिखित नियम आहे आणि तो पाळला जातो. २००३ मध्ये आम्ही तिघे सगळ्या पायऱ्या चढलो. मुलगी मोजत होती, सहाशेच्या पुढे कुठेतरी चुकली आणि पुन्हा खाली जाऊन मोजूया म्हणाली. ह्या वर्षी पत्नीचे गुडघे आणि माझा दम लक्षात घेऊन आम्ही नंदीपर्यंत मोटारीने गेलो आणि तेथून वर चढलो. टेकडीवर रोपवे करावा अशी सूचना अधूनमधून होते आणि म्हैसूरकर ती दर वेळी हाणून पाडतात. मला गुडघे दुखूनही त्यांचेच म्हणणे पटते.

आता ज्यासाठी हे सगळे लिहावयास घेतले ते सांगतो.

१९९०-च्या दशकात मी एका नगरपरिषदेचा मुख्याधिकारी होतो. गावाचे नाव लिहीत नाही. गावाला बाग होती आणि बागेत घसरगुंडी व दोन झोके होते. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ पासून 'फुलराणी' धावते, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात 'वनराणी' आहे, बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आमराईत एके काळी राजपुत्रांसाठी छोटी गाडी होती. मग आमच्या गावच्या मुलांनी काय पाप केले आहे, असे मी सर्वसाधारण सभेपुढे टिपणीत लिहिले. भाषा इतकी जोरदार नव्हती, आशय हाच होता. ठराव एकमताने मंजूर झाला, ही घटनाच त्या सभागृहात अपूर्व होती. निविदा निघाली, एक इंजिन, दोन डबे, लंबवर्तुळाकार रुळ. बालदिनी उद्घाटन झाले. पहिल्या रविवारी रांग बागेबाहेर रस्त्यापर्यंत गेली. एका वीटभट्टीवरच्या मजुराने चार मुलांना बसवले आणि स्वतः रुळाच्या बाजूने गाडीबरोबर धावत सुटला. ते दृश्य मी विसरलेलो नाही.

गाडी चौदा महिने चालली. चालवणारा माणूस रोजंदारीवरचा, कारण आकृतिबंधात 'इंजिनचालक' असे पद नगरपरिषदेला असू शकत नाही. तिकिटाचे पैसे सामान्य निधीत जात, आणि देखभालीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष मी काढलेच नव्हते; भांडवली खर्चाची टिपणी लिहिण्याच्या उत्साहात ते राहून गेले. पहिल्या पावसाळ्यात रुळाखालची भर खचली. एक चाक झिजले, तसले चाक पुरवठादाराशिवाय कोणाकडे मिळेना, आणि पुरवठादाराचे देयक लेखापरीक्षणाच्या आक्षेपात अडकलेले. तोवर माझी बदली झाली. नंतरच्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. काही वर्षांनी त्या गावावरून जाताना मुद्दाम थांबलो. इंजिनाला कुलूप होते, एका डब्यात माळ्याची खुरपी आणि खताची पोती, रुळांतून गाजर गवत वाढलेले. डेडस्टॉक रजिस्टरात ती गाडी तेव्हाही 'चालू स्थितीत' असणार, ह्याविषयी मला शंका नाही.

हे ओझे घेऊन मी २००३ मध्ये म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात गेलो होतो. कृष्णराजसागर रस्त्यावर, स्थानकाच्या पिछाडीला ते आहे. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये उघडले, त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, हे. येथल्या रेल्वेलाही इतिहास आहे. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळाने म्हैसूर संस्थानातील सुमारे पाचवा हिस्सा प्रजा नष्ट झाली. धान्य असूनही ते पोहोचवता येत नव्हते. बंगळूर–म्हैसूर मीटरगेज मार्ग १८८२ पर्यंत पुरा झाला तो ह्या आठवणीच्या छायेत. १८८६ मध्ये तो चालवण्यास दिला गेला 'सदर्न मराठा रेल्वे' ह्या कंपनीला, जिचे मुख्यालय धारवाडला होते आणि जी दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकाच्या दुष्काळी मुलखात रुळ टाकण्यासाठीच निघाली होती. म्हैसूरच्या गाड्या मराठ्यांचे नाव मिरवीत कित्येक वर्षे धावल्या, हे येथील मराठी मंडळींपैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे. संग्रहालयात १८९९ सालचा महाराणींचा सलून डबा आहे, स्वयंपाकघर व भोजनकक्षासह. एक जुनी ऑस्टिन मोटार आहे, रुळांवर धावेल अशी केलेली. आणि आवारात फेरी मारणारी छोटी गाडी आहे.

त्या वेळी मुलगी तीनदा बसली. मी बसलो नाही. मी रुळ पाहत होतो. ते सांध्यांपाशी वाकलेले नव्हते, खडी हलली नव्हती. ज्यांच्या हातून मोठ्या गाड्या सुटतात त्यांच्याच आवारात ही गाडी. ब्रेक, सांधा, चाक हे शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत अशी माणसे हाकेच्या अंतरावर. मी माझी गाडी माळ्याच्या ताब्यात दिली होती. पत्नीने विचारले, "इतकं काय वाकून बघताय?" तिला तेव्हा सांगितले नाही, कारण नगरपरिषदेची ती गोष्ट ऐकवून ऐकवून मी घरात आधीच हसे करून घेतले होते.

हे संग्रहालयही मध्यंतरी बरेच उदास झाले होते. नूतनीकरण होऊन २०२० मध्ये ते पुन्हा उघडले. बोरिवलीची वनराणी २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते वादळात रुळ उखडून बंद पडली ती काही वर्षे बंदच राहिली, हे कळल्यापासून मला म्हैसूरच्या गाडीची उगाच काळजी वाटत असे. ह्या जानेवारीतील दुसऱ्या रविवारी नातवाला घेऊन गेलो. गाडी चालू होती. तो पहिल्या डब्यात बसला, मला ओढून शेजारी बसवले, आणि ह्या वेळी मी बसलो. पुढे एक तमिळ कुटुंब होते, मागे उत्तर कर्नाटकातले; त्या आजी नातीशी जी कन्नड बोलत होत्या तिच्यात निम्मे शब्द आपले होते. फेरी फार लहान असते. संपल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, अजून एक." मी तिकिटाला गेलो. परत येताना वळणापाशी थांबून सहज खाली पाहिले. फिशप्लेटच्या नटांना ताजे ग्रीस लावलेले होते.